साखरेआधीची वाटी

माझ्या स्वयंपाकघरात पोळपाटामागे बांबूची एक काडी उभी असते. वीतभर लांब, तासून चपटी केलेली, आणि अंगावर चाकूनं पाडलेल्या दोन खाचा. कामाला येणारी सखूबाई दर महिन्याला ती कचऱ्यात टाकायला निघते आणि दर महिन्याला मी तिच्यावर ओरडते. परवा वैतागून म्हणाली, "ताई, या काडीचं एवढं काय हो? सोन्याची हाय का?" मी म्हटलं, सोन्याची नाही, पगारे मॅडमची आहे. मग तिनं ती परत पोळपाटामागे ठेवली. कारण पगारे मॅडम सखूबाईलाही चांगल्या ठाऊक आहेत. एकदा तिनं जिना पुसताना कोपरा सोडला, तर मॅडमनी तिला हाताला धरून कोपरा दाखवला होता आणि मग आत नेऊन चहा पाजला होता.

पगारे मॅडम आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी आहे. जुन्या चार इमारती, लिफ्ट नाही, मध्ये मोकळी जागा आणि तिथं लोकांनी वर्गणीतून बांधलेला छोटासा विहार. मॅडम म्हणजे उंच, काटकुळ्या, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. विज्ञानाच्या शिक्षिका होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वर्ग काही सुटला नव्हता. फक्त पोरांच्या जागी आता आम्ही होतो. जिन्यात भेटल्या तर "जय भीम" म्हणायच्या आणि लगेच, "शोभा, तुझ्याकडून काल करपल्याचा वास येत होता. काय जाळलंस?" आता काय सांगायचं या बाईला! खालच्या मजल्यावरचा वास तिसऱ्या मजल्यावर ओळखणारं नाक होतं ते. आणि नाक चालवायचं असलं की त्या आधी चष्मा काढायच्या. का, तर म्हणे डोळे मध्ये आले की नाक आळशी होतं.

घाई या गोष्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा. कुणी गॅस मोठा केला की विचारायच्या, "घाई कुणाला आहे? दुधाला की तुला?" आणि कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यांचं माहेर देवळ्याकडचं. एरवी पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध बोलणारी ही बाई, मनापासून काही आवडलं की एकदम माहेरच्या बोलीत शिरायची आणि म्हणायची, "बेस शे." म्हणजे छान आहे. बस्स. याच्यावर दुसरं सर्टिफिकेट नाही. कॉलनीत निम्म्या बायकांना ते आयुष्यात मिळालं नव्हतं. मला एकदा मिळालं, लिंबाच्या लोणच्याला, आणि मी ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले.

नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सुरगाण्याकडे काढली. डोंगरात शाळा, जीपनं जायचं, तेही जीप भरेल तेव्हा. तिथं दूध म्हणजे चैन. सगळे कोरा चहा प्यायचे. मॅडम रविवारी नाशिकला यायच्या, पातेलंभर दूध मंद आचेवर निम्म्याच्याही खाली आटवायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यातून, मांडीवर धरून, जीपमधून न्यायच्या. साखर टाकायची नाही, काही नाही. नुसतं दूध. तिथं पोचल्यावर सकाळ-संध्याकाळ उकळी द्यायची आणि लागेल तसं पाणी घालून पुन्हा दूध करायचं. जीपवाला एकदा म्हणाला म्हणे, "बाई, एवढ्याशा डब्यात काय नेता?" तर म्हणाल्या, "म्हशीचं अख्खं दूध आहे. पाणी तेवढं नाशिकला ठेवून आले. पाणी तुमच्याकडं आभाळातून फुकट पडतं, ते कशाला वाहून आणू?" हा किस्सा त्या स्वतः सांगायच्या आणि सांगताना स्वतःच इतक्या हसायच्या की शेवटचं वाक्य आम्हीच पुरं करायचो.

आता खिरीचं सांगते, कारण मॅडम म्हटलं की खीर येतेच. दर बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाली की खीर वाटतात. कॉलनीला तर असतेच, पण रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला, भाजीवाली, समोरच्या क्लासची मुलं, सगळ्यांना हातात वाटी. विहार बांधला त्या पहिल्या वर्षापासून खिरीच्या पातेल्यापाशी पगारे मॅडम. पांढरी साडी, पदर खोचलेला, हातात लांब दांड्याचा डाव. त्यांना स्वतःला मधुमेह. गोड वर्ज्य. त्यामुळे साखर टाकायच्या आधी त्या एक चमचा काढायच्या, फुंकून फुंकून खायच्या, डोळे मिटायच्या, आणि मग हुकूम सुटायचा, "टाका साखर." पौर्णिमेची त्यांची खीर तेवढीच. तो एक चमचा.

मे महिन्यातलं ते ऊन. त्यात उघड्यावर मोठ्या पातेल्यात दूध तासन्‌तास घोटायचं. इतकी वर्षं कसं निभावलं देव जाणे, असं मी म्हणणार होते, पण मॅडमनी मला मध्येच अडवलं असतं, "देव नाही, मी जाणे." खरंय. पण तीन वर्षांपूर्वी नाही निभावलं.

त्या वर्षी मॅडमच्या मनात आलं की आईसारखी गुळाची खीर करावी. देवळ्याहून भावानं गूळ पाठवला होता. दूध छान आटत आलं होतं. गूळ घालायचा तो खीर उतरवून, निवल्यावर, हे त्यांना काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण वंदना लवकर आटोपली, लोक येऊन उभे राहिले, ऊन डोक्यावर, पोरं रडायला लागली, आणि कधी नव्हे ती बाई घाईत आली. उकळत्या दुधात गूळ पडला. मी शेजारीच वाट्या पुसत होते. बघता बघता दूध फाटलं. वर पाणी, खाली चोथा. सगळी रांग बघत होती. मॅडम डाव हातात धरून तशाच उभ्या.

मग कुणीतरी सावरायला गेलं, "जाऊ द्या हो मॅडम, उन्हानं नासली." तशा त्या तरातरा माईकपाशी गेल्या. आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खीर उन्हानं नासली नाही. मी नासवली. उकळत्या दुधात गूळ टाकला. माफ करा." एवढं बोलून परत आल्या आणि ते पातेलं स्वतः घासायला बसल्या. मी म्हटलं, द्या मी घासते. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी आपल्या वाट्या उचलल्या.

चार-पाच दिवसांनी विहारात मीटिंग झाली. राहुल म्हणून आमचा सेक्रेटरी आहे, अंबडला कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. तरुण पोरगा, कामाचा, पण भीतीनं त्याची झोप उडालेली. म्हणाला, "मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण खरं सांगतो, यंदा फाटली म्हणून दिसली तरी. न फाटता खराब झाली असती आणि कुणाला उलट्या झाल्या असत्या, तर? बाहेरची मुलं खातात. पुढच्या वर्षीपासून आपण बंद पाऊच आणू. थंड, गोड दूध, सीलबंद. कुणाला त्रास नाही." लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली, खोटं कशाला बोलू?

मग मॅडम बोलल्या. "राहुल, तुझी भीती खरी आहे बाळा. पण तू पाऊच म्हणतोस. अरे, बुद्ध होण्याआधी त्या उपाशी तपस्व्याला खीर एका बाईनं वाढली होती. आपल्या हातची. कंत्राटदारानं नव्हती दिली." कुणीतरी हसलं, वातावरण जरा सैल झालं. मग त्या म्हणाल्या, "मला एक वर्ष दे. पुढच्या पौर्णिमेला तुझं समाधान झालं नाही, तर त्याच्या पुढच्या वर्षी तुझे पाऊच मी स्वतः वाटीन."

राहुल म्हणाला, "एकच वर्ष, मॅडम."

"एकच," त्या म्हणाल्या.

जिना चढताना मी सोबत होते. गुडघे फार दुखायचे त्यांचे, प्रत्येक पायरीवर थांबायच्या. पुण्याची मुलगी केव्हाची मागं लागली होती, आई, आता तीन मजले नको, इकडे ये. मॅडम तिला टोलवत होत्या. त्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून म्हणाल्या, "शोभा, मी जाणारच आहे गं पुढच्या उन्हाळ्यानंतर. कबूल केलंय पोरीला. पण खीर माझ्या हातून बंद पडली असं करून जायचं नाहीये मला. मागं पाऊच ठेवून नाही जायची मी." मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, नाहीतर दोघी तिथंच रडलो असतो.

दिवाळीत त्यांची भाची आली. मस्कतला नर्स आहे. तिनं आणलेल्या सामानात दोन डबे होते, दुधाचे, आटवलेल्या दुधाचे. मॅडमनी आम्हा बायकांना वर बोलावलं. आमच्या डोळ्यांसमोर ते घट्ट, चिकट, गोड डब्यातलं दूध, बोटानं चाटतात ते. पलीकडच्या इमारतीतल्या मंदाकाकूंनी तर येताना चमचाच आणला होता. मॅडमनी डबा आधी चांगला हलवला, मग फोडला, बशीत ओतला. दूध पातळच, पण सायीसारखं जड, आणि रंग किंचित पिवळसर, तांबूसपणाकडे झुकलेला. मंदाकाकूंनी चमचा भरून तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा असा पडला म्हणता!

"अय्या, हे तर फिकं आहे!"

मॅडम खुशीत येऊन हसत सुटल्या. "फिकं नाही मंदा, साखर नाही त्यात. गोड डबा वेगळा, हा वेगळा. हे दूध आहे, नुसतं दूध. निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकलेलं. तिकडे चहात घालतात." मग पुन्हा चाखून बघायला लावलं. आणि खरं सांगते, दुसऱ्या चमच्याला कळलं. आपण दूध आटवलं की जी एक भाजकी, उकडलेली चव येते ना, तळाला न लागता आलेली, ती होती त्यात. साखर न घालताही किंचित गोडसर. मॅडमना मधुमेहामुळे गोड डबा वर्ज्य, हा मात्र चमचाभर चालायचा. लहान मुलीसारख्या खूश झाल्या होत्या.

पुढचा आठवडा आमच्या घरातल्या पुरुषांनी फार सोसला. मॅडम रोज काहीतरी करून खाली पाठवायच्या. त्या दुधाचा चहा केला, तो इतका दाट आणि कडक झाला की आमच्या ह्यांनी दोन कप मागून प्यायले. टोमॅटोच्या सारात घातलं. मी म्हटलं, अहो फाटेल! तर नाही फाटलं, मऊसूत झालं. उकडलेल्या बटाट्यात कुस्करून घातलं, तेही झकास. मग एक दिवस शेवभाजीच्या काळ्या रश्श्यात घातलं, तिखट कमी होतं का बघायला. तिखट कमी झालं, पण आमचे हे ताटावरून उठून म्हणाले, "शोभा, तुझ्या मॅडमना सांग, माझ्या शेवभाजीला हात लावायचा नाही." मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मलाही नाही आवडली."

उरलेल्या दुधाचं काय केलं असेल? गरम करून त्यात गुळाचा खडा टाकला. आणि श्वास रोखून बघत बसल्या. फाटलं नाही. तशा जिन्यात येऊन मला हाका मारायला लागल्या, "शोभा! शोभा, वर ये!" मला वाटलं पडल्याच. धावत गेले तर या पातेल्याकडे बोट दाखवतायत.

पण कॉलनीच्या खिरीला परदेशातले डबे कुठून आणायचे? मॅडमनी घरीच दूध आटवलं, सुरगाण्यासारखं, आणि त्यात गूळ टाकून पाहिला. फाटलं. पुन्हा केलं. पुन्हा फाटलं. डबेवाले काहीतरी घालत असणार, आपल्याला ते जमायचं नाही, असं म्हणून त्यांनी गुळाचा नाद सोडला. आईची खीर आईपाशी, म्हणाल्या. पण त्या नादात त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं.

एक दिवस राहुलला घरी बोलावून त्यांनी ते सांगितलं. मी तिथंच होते. "बघ, आपण चुकत कुठं होतो? सगळं दूध एका पातेल्यात, उन्हात, तासन्‌तास. त्यात घरोघरचं जमलेलं दूध, एका घरचं जरी नासकं निघालं तरी सगळं गेलं. आता तसं नाही करायचं. आदल्या दिवशी प्रत्येक घरानं आपापल्या गॅसवर दोन लिटर आटवायचं. बिनसाखरेचं. गार करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी डबे विहारात. प्रत्येक डबा मी वेगळा तपासणार. पास झाला तरच पातेल्यात. भात आधी शिजवलेला. दूध आधीच आटलेलं. अर्ध्या तासात खीर तयार, उन्हाला हात लावायलाही वेळ नाही मिळायचा."

राहुल कंपनीत हेच काम करत होता. त्याचा चेहरा बदललेला मी पाहिला. तरी म्हणाला, "आणि घरोघरी सगळ्यांनी सारखंच आटवलं हे कशावरून?"

"ते माझ्यावर सोड," मॅडम म्हणाल्या.

आणि मग त्या काड्या आल्या. बांबूच्या काड्या तासून घेतल्या आणि पौर्णिमेच्या आधी, ते दुखरे गुडघे घेऊन, चारही इमारतींचे जिने चढून प्रत्येक घरी गेल्या. "पातेलं दाखव. हे नको, हे तोंडाशी पसरट आहे, माप चुकेल. सरळ भिंतीचं काढ." त्यात दोन लिटर पाणी ओतायचं, काडी उभी धरायची, पाणी लागलं तिथं एक खाच. मग तिच्या निम्म्याच्या जरा खाली दुसरी. "दूध वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत आलं की गॅस बंद. तोवर हलवत राहायचं. सिरीयल नंतर बघ." ज्याच्या त्याच्या पातेल्याची काडी वेगळी. माझ्या शेजारणीनं माझी काडी उसनी मागितली तर मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्याचा चष्मा लावतेस का तू?"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळ्या कॉलनीत दुधाचा वास. जिन्यात शिरलं की तोच. खिडक्यांतून बायका एकमेकींना विचारतायत, "तुझं कुठवर आलं?" घराघरांत परातीत गार पाणी आणि पाण्यात पातेली ठेवलेली. दुपारपर्यंत जवळजवळ सगळं दूध फ्रिजमध्ये गेलं आणि सगळं कसं झकास जमलं असं वाटत असतानाच लाईट गेली.

मे महिना, भरदुपार. अर्धा तास, तास झाला, लाईट येईना. राहुल घामाघूम होऊन मॅडमकडे आला. सगळं चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मॅडम उठल्या. खाली मैदानात उभ्या राहिल्या आणि वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या, "फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही! पाण्याची बाटलीसुद्धा नाही काढायची!" आणि अख्ख्या कॉलनीनं माठातलं पाणी प्यायलं. आमचे हे फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले, राखण करायला. लाईट आली संध्याकाळी. मॅडम मध्ये एकदाच काय त्या वर जाऊन आल्या, बाकी तोवर मैदानातच होत्या, विहाराच्या पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून.

सकाळी वंदनेच्या आधी डब्यांची रांग लागली. मॅडम टेबलामागे उभ्या. बाजूला छोट्या शेगडीवर कढई. राहुल हाताची घडी घालून शेजारी. प्रत्येक डबा उघडायचा, मॅडम चष्मा काढायच्या, वास घ्यायच्या, मग डावभर दूध कढईत ओतून उकळी आणायच्या. फाटायचं असेल तर तिथंच फाटेल. नाही फाटलं की "पुढं." प्रत्येक घरच्या दुधाचा रंग वेगळा. कुणाचं सायीसारखं, कुणाचं गुलाबी, कुणाचं चहाकडे झुकलेलं. बायका परीक्षेच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या. माझा डबा आला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले, शप्पथ. "पुढं," म्हणाल्या. हुश्श!

एका घरचं दूध कढईत फाटलं. फ्रिजचं दार उघडलं होतं म्हणे त्यांच्या पाहुण्यांनी, आईस्क्रीमसाठी. तेवढाच डबा बाजूला गेला. राहुलनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी त्याच्याकडे. गेल्या वर्षीची पद्धत असती तर ते सगळं पातेलं गेलं असतं, हे दोघांनाही कळलं होतं. मग अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा डबा. मॅडमनी वास घेतला. "करपलंय."

"अहो, जरासंच तर लागलंय, वेलची घातली की कळणारसुद्धा नाही," त्या बाई म्हणाल्या.

"मला कळलं ना. बाजूला."

अध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांनी एकदम आभाळाकडे बघायला सुरुवात केली. बाईंच्या नाकावर राग, त्या पाय आपटत जाणार इतक्यात शेवटचा डबा पुढं आला. मॅडमनी झाकण काढलं, चष्मा काढला, वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. बराच वेळ घेतला.

"हाही बाजूला."

राहुल म्हणाला, "मॅडम, हा तुमचा डबा आहे."

"माहिती आहे मला. तळाला लागलंय. काल लाईट गेली तेव्हा दूध गॅसवर होतं, आणि मी तुमच्या फ्रिजच्या मागं." आणि अध्यक्षांच्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "ये गं, तुझं-माझं एकत्र करू. कामाच्या माणसांना चहा होईल मस्त." त्या बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. दोघी मिळून चहा करायला लागल्या.

मग पातेलं चढलं. भात, वीसेक घरांचं दूध, वेलची. मॅडम डाव फिरवत होत्या आणि दूध कसं गप्प, शहाण्यासारखं उकळत होतं. वंदना संपत आली. नेमकं त्याच वेळी बाहेर रस्त्यावर गर्दी झाली, मुलं आत घुसली, वाट्या कमी पडल्या म्हणून ओरडा झाला. मॅडम वाट्यांकडे बघायला वळल्या आणि तिकडूनच हात वर करून ओरडल्या, "टाका साखर!" राहुलनं साखर टाकली. त्यांचा चमचा राहिला, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

खीर काय झाली होती म्हणून सांगू! दाट, पण गिचका नाही. गोड, पण दूध आधी जिभेवर यायचं आणि गोडी मागून. रिक्षावाला दुसऱ्यांदा रांगेत आला आणि त्याला वाटलं कुणाला कळलं नाही. मंदाकाकू मला कानात म्हणाल्या, "हे फिकं नाही हं." राहुलनं पहिली वाटी खाल्ली, मग तासभर पातेल्यापाशीच उभा राहिला. दर थोड्या वेळानं चमचा बुडवून चव बघत होता. शेवटी खिशातला फोन काढून कुणाला तरी म्हणाला, "नाही दादा, पाऊच नकोत. नाही, पुढच्या वर्षीही नकोत." मॅडम वाढत होत्या. त्यांनी ऐकलं. डाव क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दुपारी रांग संपली. पातेल्याच्या तळाशी थोडीशी खीर उरली होती. मॅडमनी सवयीनं चमचा उचलला, पातेल्यात घातला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. सगळी गोड. त्यांनी चमचा तसाच ठेवून दिला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदरानं कपाळ पुसलं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! वर्षभर ही बाई या एका खिरीपायी जिने चढली, आणि तिच्याच वाट्याला थेंब नाही. पुढच्या महिन्यात तर त्या पुण्याला जाणार होत्या, खोकी बांधून झाली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात विहाराच्या मागून राहुल आला. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली.

"मॅडम, ही तुमची."

"मला गोड चालत नाही रे."

"साखर टाकायच्या आधी काढून ठेवली होती."

मॅडमनी वाटी हातात घेतली. मग त्यांनी ताटली उचलली. चष्मा काढला. वाकून वास घेतला. मला वाटतं वास घ्यायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ त्या वाकलेल्या होत्या. मग पायरीवर बसल्या आणि चमच्यानं, हळूहळू, फुंकायची गरज नसतानाही फुंकून, ती सगळी वाटी खाल्ली. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना एका चमच्यापलीकडे खाताना पाहिलं नव्हतं.

"बेस शे," त्या म्हणाल्या.

राहुलला त्याचा अर्थ माहीत होता. कॉलनीत सगळ्यांनाच माहीत आहे. बापडा लाल झाला.

मॅडमनी वाटी पुढं केली. "अजून आहे?"

राहुलचा चेहरा उतरला. "नाही मॅडम. एकच काढली होती."

"मग पुढच्या वर्षी दोन काढ," त्या म्हणाल्या. "मी येणार आहे. आणि ही घासून आण."

राहुल नळाकडे गेला. मॅडम एका हातानं खांब धरून उठल्या आणि लंगडत त्याच्या मागं गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या अजून तशाच आहेत, पांढरी साडी, खोचलेला पदर, चष्मा दोरीला लोंबतोय, आणि सेक्रेटरीच्या खांद्यावरून वाकून नळाखालच्या वाटीत बघतायत.

"तळ घास," त्या म्हणत होत्या. "अरे घाई कुणाला आहे? तळ घास."